चौथ्या खणाचं वजन

कोंबड्यांना अर्धपोटी ठेवण्याचा पगार मी उभं आयुष्य घेतला. ऐकायला वाईट वाटतं, पण ब्रीडर फार्मवरच्या सुपरवायझरचं निम्मं काम तेच असतं. लोकांना वाटतं, कोंबड्या पाळायच्या म्हणजे दाणे टाकायचे आणि अंडी गोळा करायची. ते परसातल्या गावरान कोंबडीचं झालं. आमच्याकडच्या कोंबड्या म्हणजे बाजारात जाणाऱ्या ब्रॉयलर पिल्लांच्या आया. त्यांची जातच खादाड. समोर ठेवाल तेवढं खातील आणि अंगानं सुटतील. सुटलेली कोंबडी अंड्याला कमी पडते. पोटात चरबी साचते, अंडी वेडीवाकडी येतात, एकात दोन बलक, नाहीतर कवचच नाही, आणि उन्हाळ्यात ती धाप लागून आधी मरते. हलकी राहिलेली कोंबडीही कामाची नसते. ती उशिरा अंड्यावर येते आणि तिचं अंडं इतकं लहान असतं की उबवायला कुणी घेत नाही. या दोन्हींच्या मधलं वजन हवं, आणि तेही सगळ्यांचं सारखं हवं. म्हणून दर आठवड्याला वजन करायचं, तक्त्याशी ताडायचं आणि मोजून खाद्य द्यायचं. सकाळचं खाद्य बघता बघता संपतं आणि उरलेला दिवस त्या रिकाम्या भांड्यावर चोची आपटत राहतात. तो आवाज मला अजूनही मधूनच ऐकू येतो.

आमचा फार्म भोकरपासून आत, माळावर होता. रोगराईच्या भीतीनं तिथं पाहुण्याला बंदी. आत यायचं तर फाटकाशी अंघोळ करायची, फार्मचे कपडे घालायचे, आणि घरी कोंबड्या पाळणाऱ्यानं तर फिरकायचंच नाही. खेड्यात कोंबड्या कुणाच्या घरी नसतात? त्यामुळे माझ्याकडे कुणी येत नसे. सासुरवाडीचा एक पाहुणा एकदा आला आणि थंडीत फाटकाशी अंघोळ करायला लावली म्हणून कायमचा रुसून गेला. मजुरांची दोन घरं होती, धर्माबादकडची. ती शेडच्या पलीकडच्या टोकाला राहायची, आपसात तेलुगू बोलायची आणि दिवस मावळला की आपापली दारं लावून घ्यायची.

तरी बायको आणि मुलगी होती तोवर चाललं होतं. मग मुलीला दहावीला चांगले मार्क पडले, आणि तिथंच आमचं घर फुटलं, असं मी गमतीनं म्हणायचो. ज्याच्या पोराला बरे मार्क पडले तो पोराला लातूरला पाठवायचा, अशी तेव्हा साथच आली होती. नुसतं पाठवून भागायचं नाही. आईनं बरोबर जायचं, एक खोली भाड्यानं घ्यायची, शेगडी मांडायची आणि दोन वर्षं पोराला वेळेवर गरम खायला घालायचं. लातुरात गल्ल्याच्या गल्ल्या अशा आयांनी भरल्या होत्या. बापानं पगार जिथं असेल तिथं राहायचं आणि स्वतःच्या भाकरी स्वतः थापायच्या. माझी भाकरी गोल कधीच झाली नाही. एकदा बायको दोन दिवसांसाठी आली तेव्हा तिनं परातीतली भाकरी उचलून बघितली आणि विचारलं, "अहो, हा कुठल्या जिल्ह्याचा नकाशा?"

त्या दोघी गेल्यावर मी मायला आणलं. ती आमच्या मूळ गावच्या पुनर्वसनात एकटीच राहत होती. मला एकटेपणा सोसत नव्हता, हे सरळच सांगतो. तिला सांगताना मात्र मी म्हणालो, "तुझी आबाळ होते तिथं, माय."

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा मी याच फार्मवर नोकरीला लागलो होतो, बायको आणि तान्ही मुलगी माझ्याजवळ होत्या, आणि गावी माय आणि माझी धाकटी बहीण अशा दोघीच. वडील आधीच गेले होते. आदल्या संध्याकाळी गणपती बुडवायची मिरवणूक होती. बहिणीला मैत्रिणींबरोबर शेवटपर्यंत थांबायचं होतं, मायनं तिला हाताला धरून घरी आणलं. ती रुसली, जेवणार नाही म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. मायलाही राग आला होता. तिनं ताट झाकून ठेवलं आणि उकडतं म्हणून स्वतः बाहेर ओट्यावर झोपली. पहाटे आमचं दगडामातीचं माळवद खाली आलं. ओटा तेवढा राहिला.

मी पोचलो तेव्हा माय पत्र्याच्या शेडमध्ये बसलेली होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्या म्हणलं, भूक लागली की येईल गुमान." ते वाक्य ती मला त्या एकाच दिवशी बोलली. त्यानंतर बहिणीचा विषय आमच्यात निघाला नाही. फक्त माय रात्रीचं जेवेनाशी झाली. सकाळी खायची, दुपारी खायची, दिवे लागले की तिचं ताट नसायचं. कुणी आग्रह केला तर "पित्त व्हतंय बाबा" म्हणायची. नातेवाइकांनी तिला पित्तावर नाना औषधं दिली. तिनं ती सगळी घेतली, पण रात्रीचा घास घेतला नाही. मला कारण कळत होतं, तिला ते मला कळतंय हे कळत होतं, आणि दोघंही पित्ताचंच बोलत होतो.

माय फार्मवर आली तेव्हा नवा कळप अजून अंड्यावर यायचा होता. मागचा कळप रोगानं बसला होता आणि मालकानं स्वच्छ सांगितलं होतं, हाही बसला तर मी दुसरा माणूस बघतो. माझी नोकरी गेली की लातूरची खोली गेली, म्हणजे मुलीची बारावी गेली. तेव्हा त्या कळपाचं वजन हाच माझा देव होता. शेडमध्ये जाळ्या लावून पाडलेले भाग होते, त्याला आम्ही खण म्हणायचो. हलक्या, मध्यम, जड अशा कोंबड्या वेगळ्या काढून आम्ही एकेका खणात ठेवायचो. एकत्र ठेवल्या तर दांडग्या कोंबड्या हलक्यांच्या वाट्याचं खातात, दांडग्या आणखी सुटतात आणि हलक्या आणखी मागे पडतात. सगळ्या हळूहळू एका वजनाला आल्या की मग दिव्यांचा उजेड वाढवायचा. उजेड वाढला की कोंबडीच्या अंगाला कळतं, आता अंडी द्यायची. अंगात वजन नसताना उजेड दिला तर तिचे हाल होतात, आणि वजन जास्त झाल्यावर दिला तर आपले.

माय दिवसभर आमच्या खोलीच्या ओट्यावर बसायची. ओट्यापासून चौथा खण पाच पावलांवर. दोन माणसं एका घरात असली की बोलणं होतंच असं नाही. मी शेडमधून यायचो, ती विचारायची, "जेवलास?" मी हो म्हणायचो. दोघांच्याही पोटात बरंच काही होतं, ते तिथंच राहायचं.

थोड्या दिवसांनी चौथ्या खणाचं वजन वाढू लागलं. मधल्या वजनाच्या कोंबड्या होत्या त्या, शहाण्या, त्यांच्याबद्दल मला काळजीच नव्हती. एका आठवड्यात काटा थोडा पुढं गेला. मला वाटलं, वजनासाठी ज्या चार पकडल्या त्याच जड निघाल्या असतील. पुढच्या आठवड्यात आणखी पुढं. काटा बिघडला म्हणून तपासला, तो ठीक होता. मग मजुरांवर घसरलो. "चौथ्या खणात डबल टाकता का रे?" ती माणसं तेलुगूत एकमेकांशी काहीतरी बोलली आणि नंतर दोन दिवस माझ्याशी बोललीच नाहीत. मी स्वतः उभा राहून खाद्य मोजायला लागलो. तरी काटा पुढंच. कोंबड्या हवेवर फुगतात की काय असं वाटायची वेळ आली.

मग त्या खणातली एक कोंबडी मेली. मेलेली कोंबडी आम्ही कापून बघतो, रोग आहे का म्हणून. हिला रोग नव्हता. आतून पिवळी धमक चरबी होती. गळ्याखालची पिशवी चिरली तर तिच्यातून अख्खी ज्वारी निघाली. ज्वारीबरोबर भाकरीचे ओले तुकडे. आमचं खाद्य म्हणजे मका आणि पेंडीचा भरडा. त्यात अख्खा दाणा नसतो, आणि भाकरी तर नसतेच. मी ते तुकडे बोटात धरून कितीतरी वेळ तिथंच उकिडवा बसलो. भाकरी पातळ, एकसारखी थापलेली होती, मायच्या हातची. माझी असती तर लगेच ओळखली असती.

दुपारी मी शेडच्या आडोशाला थांबलो. माय ओट्यावरून उठली, पदरात ज्वारी होती. ती जाळीशी गेली आणि चौथ्या खणातल्या सगळ्या कोंबड्या तिच्याकडे धावल्या. ती मूठमूठ आत टाकत होती आणि त्यांच्याशी बोलत होती. माझ्याशी ती महिन्याभरात जेवढं बोलली नसेल तेवढं त्यांच्याशी बोलत होती. मला राग यायच्या आधी त्याचंच वाईट वाटलं. मग राग आला.

"माय, काय करून राहिलीस?"

ती दचकली नाही. "काय न्हाई. लई हाका मारून राहिल्या व्हत्या."

"त्यान्ला वरचं काई घालायचं न्हाई, सांगितलं व्हतं ना तुला?"

"मला सांगितलं व्हतंस. त्यान्ला कुणी सांगितलंय का?"

एरवी मी हसलो असतो. तेव्हा मी तिला सगळं शास्त्र ऐकवलं. जास्त खाल्लं की चरबी होते, चरबी झाली की अंडं थांबतं, अंडं थांबलं की मी घरी, मी घरी आलो की नात घरी. तिनं सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाली, "तुमचं शास्तर खरं आसंल बाबा. मला आडाण्याला काय कळतंय. पर भूक लागली की येईल गुमान, आसं म्हणू न्हाई कुणालाच."

तिनं ते वाक्य दुसऱ्यांदा उच्चारलं होतं.   पण शेड मला सोडता येत नव्हती. मी म्हणालो, "माय, जाळीशी जाऊ नको." ती "हाव" म्हणाली.

आणि खरंच गेली नाही. ओट्यावर शेडकडे पाठ करून बसू लागली. कोंबड्यांना मात्र तिची सवय लागली होती. दुपार झाली की चौथा खण तिच्या बाजूच्या जाळीशी गोळा होऊन कलकलाट करायचा. माय कानावर पदर ओढून घ्यायची. असे थोडे दिवस काढून ती म्हणाली, "मला यष्टीत बशिव. गावाकडं जाते." मी थांब म्हणालो, पण फार जोर लावला नाही. तो आवाज मलाच ऐकवत नव्हता, तिला कुठून सोसणार?

मीच तिला पोचवायला गेलो. पुनर्वसनाचं गाव मला कधी गाव वाटलंच नाही. रुंद सरळ रस्ते, एका साच्यातली घरं, दोन दारांमध्ये एवढं अंतर की शेजारणीला हाक मारायची तर आधी चप्पल घालावी लागावी. जुन्या गावात एका घरात फोडणी पडली की चार घरांत ठसका लागायचा. मायनं कुलूप काढलं, झाडू घेतला आणि मला म्हणाली, "जा आता, तुझ्या कोंबड्या वाट बघत आसतील." ती चिडून बोलली नव्हती. म्हणून जास्त लागलं.

वाढलेलं वजन एकदम उतरवता येत नाही. तसं करायला गेलं तर होती नव्हती ती अंडीही जातात. जे वाढलं ते वाढलं असं धरायचं आणि पुढची वाढ हळूहळू सांभाळायची. चौथ्या खणाला मी तसंच सांभाळलं. उजेड वाढवला, आणि एका सकाळी भुशात पहिलं अंडं दिसलं. पहिल्या अंड्याचा आनंद या धंद्यात जुना होत नाही. मी धावत जाऊन लातूरला फोन लावला. बायको दबक्या आवाजात म्हणाली, "हळू बोला, ती अभ्यासाला बसलीय." मी हळू आवाजात सांगितलं की अंडं आलं. ती म्हणाली, "बरं झालं."  अंडं हातात गरम होतं. ते दाखवायला माळावर कुणीही नव्हतं.

पुढं बाकीचे खण भराभर चढले आणि मालक खूश झाला. चौथा खण उशिरापर्यंत रडतखडत चालला, दोन बलकांची अंडी सगळ्यांत जास्त तिथंच. मालकानं विचारलं, "ह्या खणाला काय झालं हो?" मी म्हणालो, "जड झाल्या." तेवढ्यावर भागलं.

त्याच सुमाराला मुलीचा फोन आला. क्लासच्या परीक्षेत मार्क कमी पडले आणि तिला पहिल्या बॅचमधून काढून खालच्या बॅचमध्ये टाकलं होतं. ती रडत होती. "पप्पा, मला बाजूला काढलं." मला दुसरं काय येतं? मी तिला कोंबड्यांचंच सांगितलं, की हलक्यांना आम्ही वेगळं काढतो ते हाकलायला नाही, त्यांच्या वाट्याचं त्यांना मिळावं म्हणून.  मग ती नाक ओढत म्हणाली, "म्हंजे मी कोंबडी का?" आणि हसली. मी विचारलं, "जेवलीस का?" विचारल्यावर माझ्या ध्यानात आलं, हा तर मायचा प्रश्न.

मायला मी अधूनमधून शेजारच्यांच्या फोनवर बोलवायचो. ती माझी चौकशी करायची, सुनेची, नातीची. फोन ठेवताना न चुकता विचारायची, "त्यान्ला घालतोस ना रे पोटाला?" मी घालतो म्हणायचो.

कळप म्हातारा झाला, अंडी उतरली आणि कोंबड्या विकायचं ठरलं. विकायच्या आदल्या दिवशी मी मायला फोन केला. "उद्या जाणार हायत सगळ्या. येतीस का?" का बोलावलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच यष्टीनं आली, फाटकाशी बिनतक्रार अंघोळ केली, फार्मचं लुगडं नसल्यामुळे माझ्या बायकोचं जुनं पातळ नेसली. काखेत गाठोडं होतं. तिच्या वाट्याच्या शेतातली नवी ज्वारी.

कोंबड्या न्यायच्या दिवशी सकाळपासून खाद्य बंद ठेवतात. रिकाम्या पोटी नेल्या की वाटेत घाण होत नाही, आणि व्यापारी वजनावर घेतो म्हणून भरल्या पोटाचं वजन त्याला नको असतं. त्यामुळे शेडमध्ये नुसता कल्लोळ चालला होता. माय ओट्यावर बसली. या वेळी तिनं शेडकडे पाठ केली नाही.

"आज तर जाणार हायत ना रे?"

"हाव."

"आन उपाशीच?"

मी तिला नियम सांगू शकलो असतो. नियम मला पाठ होता. मी उठलो, चौथ्या खणाच्या जाळीचं दार उघडलं आणि म्हणालो, "घाल माय. किती घालायचं तितकं घाल." तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग आत जाऊन खाली बसली आणि गाठोडं सोडलं. कोंबड्या तिच्या मांडीवर चढल्या, खांद्यावर चढल्या. ती एकेकीच्या गळ्याखाली बोट लावून बघायची, भरलं का, आणि भरलेलीला बाजूला सारून मागच्या हलकीला पुढं घ्यायची. हे वेगळं काढणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाकीच्या खणांना मी खाद्याची पोती फोडून दिली. शेड हळूहळू शांत झाली. इतक्या वर्षांत पोट भरून शांत झालेली शेड मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

ऊन उतरल्यावर गाड्या आल्या. नांदेडच्या व्यापाऱ्याला आम्ही सगळे चाचा म्हणायचो. त्यांनी पहिलीच कोंबडी उचलली, गळ्याखाली हात लावला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "सुपरवायझर साब, वजन वाढवायला लागले का आता?"  त्यांचं लक्ष जाळीशी उभ्या असलेल्या मायकडे गेलं, तिच्या पदराला चिकटलेल्या दाण्यांकडे गेलं.  मग हातातली कोंबडी अलगद खाली ठेवत म्हणाले, "जाऊ द्या. आमच्यातबी कापायच्या आधी जनावराला भुकं-तान्हेलं ठेवत न्हाईत." आणि माणसांना म्हणाले, "आस्ते उठाव."

अंधार पडायला गाड्या फाटकाबाहेर गेल्या. रिकाम्या शेडमध्ये भुसा आणि पिसं तेवढी उरली. मी ओट्यावर मायच्या शेजारी बसलो. 

"कुणी उपाशी तर गेली न्हाई ना रे?" तिनं विचारलं.

"न्हाई माय. सगळ्या जेवून गेल्या."

तिनं पदराला चिकटलेले दाणे एक एक करून काढले, तळहातावर घेतले, आणि चौथ्या खणाकडे बघत राहिली. मी आत जाऊन दिवा लावला. मागून तिचा आवाज आला.

"मला बी टाक अर्धी भाकर."

मी चूल पेटवली, पीठ मळलं. भाकरी नेहमीपेक्षाही वाकडी झाली. तिनं ती अर्धी खाल्ली, आणि मग उरलेली अर्धी मागून घेतली.